नवी क्लच प्लेट, जुने फ्लायव्हील
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



भाषणाचा विषय कळवला तेव्हा आमचे एक सहकारी म्हणाले, "सर, तुम्ही मराठी आणि इतिहास शिकवता. हे क्लचचे खूळ कुठून काढलेत?" प्रश्न रास्त आहे. मी इंजिनिअर नाही, मिस्त्रीही नाही. परंतु माझ्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरची चूल टॅक्सीवर, टेंपोवर नाहीतर गॅरेजातल्या रोजंदारीवर पेटते, आणि त्या घरांतला महिन्याचा हिशेब कोलमडतो तो बहुधा गाडीच्या एखाद्या कामाने. अशा कामांत क्लचचे काम मोठे. म्हणून मिस्त्रींच्या शेजारी उभे राहून, लेथवरच्या टर्नरना विचारून आणि थोडीफार पुस्तके चाळून जे समजले, ते आपणांसमोर ठेवतो.

प्रश्न एवढाच आहे : गाडीचा क्लच बदलताना त्याच्यापुढचे फ्लायव्हील यंत्रावर घासून सपाट करून घ्यावे, की आहे तसेच ठेवून वर नवी प्लेट चढवावी?

आपल्यापैकी बरेच जण गिरगावात राहतात किंवा रोज तिथून जातात. खोताची वाडी सर्वांना ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांनी ती वसवली आणि ईस्ट इंडियन कुटुंबांना जमिनी विकल्या. एके काळी तिथे ६५ घरे होती, आता त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. लाकडी जिने, कौलारू छपरे आणि दोन माणसे शेजारून गेली तर खांद्याला खांदा लागेल अशा गल्ल्या. अशा गल्ल्यांत मोटार शिरणे कठीण. त्यामुळे टॅक्सी असो की घरची गाडी, ती उभी राहते वाडीच्या तोंडाशी, जगन्नाथ शंकरशेट रस्त्याला नाहीतर विठ्ठलभाई पटेल रस्त्याला. तिथे तेल बदलता येईल, चाक बदलता येईल. गिअरबॉक्स उतरवता येणार नाही. त्यासाठी गाडी गॅरेजात न्यावी लागते, आणि टॅक्सी गॅरेजात गेली की त्या दिवसाची कमाई बंद. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता फ्लायव्हील म्हणजे काय ते पाहू. कुंभाराचे चाक आपण पाहिले आहे. कुंभार काठीने एकदा ते फिरवतो आणि काठी बाजूला ठेवली तरी चाक फिरत राहते, कारण ते जड आहे. मोटारीच्या इंजिनालाही असेच जड चाक लागते. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एकदा पेट्रोलचा भडका उडून जोर मिळतो, मधल्या वेळात इंजिन मंदावू पाहते. क्रँकशाफ्टच्या टोकाला बोल्टांनी बसवलेले बिडाचे जड चाक ती गती सांभाळते. हे फ्लायव्हील. त्याच्या कडेवर दातेरी कडे असते. स्टार्टर फिरवतो ते हेच.

याच चाकाला दुसरेही काम दिलेले आहे, आणि आपला विषय त्या कामाचा आहे. फ्लायव्हीलच्या गिअरबॉक्सकडच्या सपाट तोंडावर क्लच प्लेट टेकते. प्लेटच्या पाठीमागे प्रेशर प्लेट असते, ती स्प्रिंगच्या जोराने तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. सँडविचमध्ये काकडी असते तशी क्लच प्लेट दोन लोखंडी तोंडांमध्ये असते. पायाखालचा क्लच दाबला की दाब सुटतो आणि इंजिन एकटे फिरते. पाय हळूहळू उचलला की प्लेट आधी घसरते, मग पकडते आणि गाडी चालू लागते. ती जी घसरते तेव्हा उष्णता निर्माण होते. क्लचचे सारे आयुष्य या घसरण्याच्या क्षणांत खर्च होते.

किती उष्णता? वर्गात मी मुलांकडून एक गणित करून घेतो. प्रवाशांसह टॅक्सीचे वजन १२०० किलो धरा. रस्त्याचा चढ वीसास एक धरा. इंजिन मिनिटाला १५०० फेरे फिरते आहे आणि पहिल्या गिअरमध्ये चाकापर्यंतचे एकूण प्रमाण सोळास एक आहे असे धरा. सिग्नलला ब्रेक न लावता ड्रायव्हरने हाफ क्लचवर गाडी चढावर रोखून धरली, तर क्लचमध्ये सुमारे दीड किलोवॅट उष्णता तयार होते. घरात बादलीत पाणी तापवायची जी कांडी असते, ती साधारण एवढ्याच ताकदीची. म्हणजे प्लेट आणि फ्लायव्हील यांच्यामध्ये ती पेटती कांडी ठेवल्यासारखेच झाले, आणि बादलीत पाणी नाही! आता गिरगावातून निघणाऱ्या टॅक्सीचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. ऑपेरा हाऊस, फ्रेंच ब्रिज, ह्यूज रोडचा चढ, केम्प्स कॉर्नर, पुढे पेडर रोड; आणि संध्याकाळी प्रत्येक ठिकाणी रांग. भाडे मलबार हिलचे असेल तर विचारायलाच नको.

ही उष्णता चाकात सर्वत्र सारखी पसरायला वेळ लागतो. ती आधी वरच्या पातळ थरात साठते. त्याचे परिणाम तीन-चार प्रकारचे दिसतात. तोंड काचेसारखे गुळगुळीत आणि चकचकीत होते. काही ठिकाणी निळे-काळे डाग पडतात. तिथे बीड इतके तापलेले असते की पुढे झपाट्याने थंड होताना त्या जागेची घडण बदलते आणि आजूबाजूच्या बिडापेक्षा ती कितीतरी कडक होऊन बसते. डाग पुसला तरी हा कडकपणा पुसला जात नाही, तो आत मुरलेला असतो. पुष्कळदा केसासारख्या बारीक भेगा दिसतात. प्लेटचे अस्तर झिजून रिव्हेट वर आले असतील तर गोल चर पडतात. शिवाय वर्षानुवर्षांच्या झिजेने तोंड सपाट न राहता किंचित खोलगट होते. हे डोळ्यांना दिसत नाही आणि घोटाळा नेमका तिथे होतो.

आमच्या आया-बहिणी या गोष्टीला मुळीच नवख्या नाहीत. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की वरवंटा नुसता सरकतो, मसाला वाटला जात नाही. मग पाट्याला टाकी लावून घ्यावी लागते. नवा वरवंटा आणून भागत नाही. फ्लायव्हीलचे तसेच आहे. फरक एवढा की पाट्याला टाकीने खडबडीत करतात आणि फ्लायव्हील आधी सपाट करायचे असते. खरखरीतपणा हवा तो अगदी बारीक रेघांपुरता. जास्त खडबडीत ठेवले तर ते नव्या प्लेटचे अस्तर खाऊन टाकील.

पद्मिनी टॅक्सीच्या अखेरच्या वर्षांतला एक प्रसंग सांगतो. ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनत असे. १९६४ साली ती 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली; पण टॅक्सीवाले शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आर.टी.ओ.त २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ही काळी-पिवळी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील अशीच एक टॅक्सी चालवीत आणि ती खोताच्या वाडीच्या तोंडाशी उभी करीत. पेडर रोडच्या चढावर इंजिन ओरडायचे आणि गाडी मात्र रेंगाळायची. क्लच घसरत होता. त्यांनी गाडी एका गॅरेजात नेली. गिअरबॉक्स उतरला. नवी क्लच प्लेट, नवी प्रेशर प्लेट, नवे रिलीज बेअरिंग, सगळे बसले. फ्लायव्हीलवर पॉलिश पेपर फिरवला गेला.

"उस्ताद, हे चाक फेस करून आणायचे का?" त्यांनी विचारले होते.

"भाई, कशाला खर्च वाढवता? चालून जाईल."

चालले, दोन-तीन आठवडे. मग पहिल्या गिअरमध्ये गाडी हलताना सारे अंग थरथरू लागले. दारे खडखडत, प्रवासी विचारीत, "इंजिनात काही बिघाड आहे का?" पुढे चढावर पुन्हा घसरण सुरू झाली आणि करपल्याचा वास येऊ लागला. गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवावा लागला. या वेळी त्यांनी दुसऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेली आणि मीही गेलो होतो. मिस्त्रीने स्टीलची सरळ पट्टी फ्लायव्हीलच्या तोंडावर आडवी ठेवली आणि पाठीमागे बॅटरी धरली. पट्टीखालून मधोमध उजेडाची फट दिसली. नव्या प्लेटचे अस्तर फक्त बाहेरच्या कडेला चमकत होते, आतला भाग जवळजवळ कोरा होता. म्हणजे एवढी रुंद प्लेट घालून काम करीत होती तिची एक अरुंद कड! तेवढ्याच कडेवर सगळी उष्णता, म्हणून ती करपली.

नवी प्लेट फेकावी लागली. मजुरी दोनदा, आणि टॅक्सी बंद राहिली तीही दोनदा. शाळेची फी त्या महिन्यात भरता आली नाही, हे मुलाने मला वर्गाबाहेर येऊन हळूच सांगितले. फ्लायव्हील ग्राइंडिंगला दिले असते तर जो खर्च झाला असता, तो या नुकसानीपुढे किरकोळ होता.

यात दोष सर्वस्वी मिस्त्रीचा, असे मी म्हणणार नाही. आपण गिऱ्हाईक म्हणून गॅरेजात शिरताच पहिले वाक्य काय बोलतो? "कमीत कमी पैशात काम करा." मिस्त्री आपले मन ओळखतो आणि जे दिसत नाही ते काम गाळतो. फ्लायव्हील घासलेले आहे की नाही हे गिअरबॉक्स बसल्यावर कोणाला दिसणार? शिवाय ग्राइंडिंगसाठी चाक दुसऱ्या दुकानात पाठवावे लागते, त्यात अर्धा-एक दिवस मोडतो आणि गॅरेजातली जागा अडून राहते. मिस्त्रीलाही त्याचा जाच होतो. हे मान्य करूनही माझे मत असे की गिअरबॉक्स उतरवलेला असताना फ्लायव्हील पाहून, मोजून घेणे हे क्लचच्या कामाचाच भाग आहे. ते वेगळे काम नव्हे.

'पाहून, मोजून' असे मी मुद्दाम म्हणालो. प्रत्येक वेळी चाक घासलेच पाहिजे असा हट्ट धरणारेही भेटतात. तेही मला पटत नाही. बिडाचा प्रत्येक काप म्हणजे चाकाची जाडी कमी होणे, आणि कारखान्याने ठरवलेल्या कमीत कमी जाडीच्या खाली जाता येत नाही. पट्टी ठेवून तोंड सपाट निघाले, नख फिरवल्यावर चर लागत नाही, डाग-भेगा नाहीत, नुसती चमक आली आहे, तर बारीक एमरी पेपरने आडव्या-उभ्या रेघा मारून चमक मोडली तरी पुरते. चाक अजून इंजिनावर असताना डायल गेज लावून एक फेरा फिरवावा; काटा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांहून जास्त हलत असेल तर चाक डुलते आहे. कधी कधी हे डुलणे चाकाचे नसतेच. क्रँकशाफ्टच्या बसणीवर गंजाची किंवा मळाची खपली अडकलेली असते; ती साफ केली की काटा स्थिर! तोंडावर तेल दिसले तर क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील गेले असे समजावे. ते न बदलता चाक कितीही घासा, नवी प्लेट तेलाने भिजणारच. भेगा खोल असतील, बोल्टांच्या भोकांकडे धावत असतील, तर घासण्याचा विचार सोडून चाकच बदलावे. मिनिटाला हजारो फेरे फिरणारे जड चाक फुटले तर गाडीचा पत्रा त्याला अडवू शकत नाही.

घासायचे ठरले तर लेथवर की ग्राइंडरवर? लेथ जवळच्या दुकानात मिळतो, ग्राइंडर शोधावा लागतो. साध्या झिजेसाठी चांगल्या टर्नरच्या हातचा लेथही चालतो. पण निळे डाग असतील तर लेथचे हत्यार मऊ बीड कापत येते आणि कडक डागावर आले की किंचित उडी मारते. वरून चाक सुरेख दिसते, हात फिरवला की उंचवटे लागतात. ग्राइंडरचा दगड मऊ आणि कडक दोन्ही सारखे कापतो. म्हणून डागी चाकाला ग्राइंडिंगच करावे. बहुतेक वेळा मिलिमीटरच्या दोन ते पाच दशांशांत काम भागते. त्याहून फार जास्त काढावे लागत असेल तर चाक बदलण्याचा हिशेब करून पाहावा.

इथे एक खुबी आहे आणि ती पुष्कळ दुकानांत पाळली जात नाही. काही फ्लायव्हीलांवर प्लेट टेकते ती पातळी आणि प्रेशर प्लेटचे कव्हर बोल्टांनी बसते ती पातळी एक नसते, मध्ये पायरी असते. अशा चाकाचे फक्त आतले तोंड घासले तर पायरीची उंची बदलते, स्प्रिंगचा दाब बदलतो, आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून घसरू लागतो. म्हणून जेवढे आतून काढले तेवढेच कव्हरच्या बसणीवरूनही काढायचे. चाक द्यायच्या आधी पायरी मोजून कागदावर लिहून ठेवावी आणि परत आल्यावर पुन्हा मोजावी. चाक पातळ झाले की सारा क्लच तेवढाच इंजिनाकडे सरकतो, म्हणून पेडलचा मोकळा खेळ नव्याने जुळवावा लागतो. प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या डोक्यांना लागत नाहीत ना, हेही फिरवून पाहावे.

चाक काढण्यापूर्वी ते आणि क्रँकशाफ्ट यांवर एक खूण करावी, म्हणजे परत त्याच जागी बसेल आणि तोल बिघडणार नाही. परत आलेले चाक ग्राइंडिंगच्या भुकटीने माखलेले असते. ते थिनरने धुवावे, फडके बदलून पुन्हा पुसावे आणि नंतर तोंडाला ग्रीसचा हात लावू नये. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करीत आवळावेत आणि शेवटी टॉर्क पान्याने कंपनीने सांगितलेल्या मापाला आणावेत. कारखाना नवे बोल्ट वापरा म्हणत असेल तर नवेच वापरावेत.

आणखी एक गोष्ट, विशेषतः गॅरेजात उमेदवारी करणाऱ्या मुलांसाठी. जुना क्लच उघडला की काळी भुकटी निघते आणि मुले हवेचा पाइप लावून ती उडवतात. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यांचा आजार दिसायला वीस-तीस वर्षेही लागतात. भुकटी फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पालकांनी मुलाला कामाला पाठवताना एवढे तरी मालकाला विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, लेथचे, ग्राइंडिंगचे काम म्हणजे शिक्षण सोडलेल्या मुलाचे काम असे कोणी समजू नये. टर्नर, मशिनिस्ट, मशिनिस्ट ग्राइंडर हे आय.टी.आय.चे मान्य अभ्यासक्रम आहेत. मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचणे, पायरीची वजाबाकी करणे, धातू तापला की का बदलतो ते जाणणे, यांत गणित आहे आणि विज्ञानही आहे. दहावीला भूमितीत 'पातळी' या शब्दावर अडणारा माझा एक विद्यार्थी आता सरफेस ग्राइंडर चालवतो. पातळी म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले समजते.

भाषण संपल्यावर एका पालकांनी प्रश्न विचारला, त्याचे उत्तर इथेच नोंदवतो. त्यांच्या मुलाने भाड्याने चालवायला डिझेल गाडी घेतली आहे आणि गॅरेजवाला म्हणतो की तिचे फ्लायव्हील घासता येत नाही. तो फसवतो आहे का? नाही, तो खरे बोलत असण्याचा संभव आहे. अलीकडच्या पुष्कळ डिझेल गाड्यांत 'ड्युअल मास' फ्लायव्हील असते. ती एकमेकांत बसवलेली दोन चाके असतात आणि मध्ये स्प्रिंगा असतात, इंजिनाचे हादरे गिलण्यासाठी. असे चाक साध्या बिडाच्या चाकासारखे यंत्रावर चढवू नये. त्याची दोन चाके एकमेकांवर किती फिरतात आणि किती डुलतात हे कंपनीच्या मापाशी ताडून पाहायचे असते, आणि मापाबाहेर गेले तर ते बदलायचे असते. ते महाग असते, हे खरे. म्हणून त्या पालकांना मी सुचवले की क्लचचे काम सांगण्याआधी आपल्या गाडीत कोणते फ्लायव्हील आहे ते गाडीच्या नंबरावरून सुट्या भागांच्या दुकानात विचारून घ्या, गिअरबॉक्स उतरल्यावर मुलाला तिथे उभे करा, आणि माप त्याच्या डोळ्यांसमोर घ्यायला सांगा.